बरणीतला मासा

नीतिविचाराला उदाहरणे नेहमी मोठी लागतात. रणभूमीच्या मध्यावर धनुष्य खाली ठेवणारा योद्धा, दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडणारा राजा, शरण आलेल्या पक्ष्यासाठी स्वतःचे मांस तोलून देणारा दाता. १९७२ साली पीटर सिंगर यांनी दुष्काळपीडितांविषयीच्या आपल्या निबंधात उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाचे उदाहरण घेतले आणि तेव्हापासून विद्यापीठांतून ते शिकवले जात आहे. कपडे चिखलाने माखतील म्हणून कोणी शहाणा मनुष्य काठावर उभा राहणार नाही. उदाहरण बिनतोड आहे. मात्र अशा उदाहरणांत एक सोय असते : त्यांचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते. आपल्या वाट्याला येणारे प्रश्न बहुधा याच्या उलट असतात. ते इतके लहान असतात की मोठ्याने विचारण्याची लाज वाटावी, आणि उत्तर शोधू गेल्यास हाती लागू नये. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात फळीवर मांडलेल्या बरण्यांपैकी एकीत एक मासा आजारी दिसतो. त्याला विकत घेऊन घरी आणावे की नाही, हा असाच एक प्रश्न आहे.

ज्याला आपल्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही 'फायटर' म्हणतात, तो हा मासा. शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स. मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथे त्याच्या झुंजी लावण्याची परंपरा जुनी आहे आणि २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारच्या बाजारात, चेन्नईच्या कोळत्तूर भागात, पुण्या-मुंबईच्या उपनगरांत, जेथे शोभेचे मासे विकले जातात तेथे तो दिसतो; आणि दिसतो तो बरणीत किंवा पाण्याच्या पिशवीत, एकटा. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून एकेकाला वेगळे ठेवावे लागते. बरणी इतकी लहान का, याचे उत्तर मात्र त्याच्या शरीरात आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका चक्रव्यूहासारख्या इंद्रियाने हा मासा पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो. भातखाचरे, दलदली, उन्हाळ्यात आटत जाणारे ओहोळ अशा प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तग धरण्यासाठी निसर्गाने त्याला ही देणगी दिली. दुसरा मासा ज्या बरणीत संध्याकाळपर्यंत मरेल, त्या बरणीत हा कित्येक आठवडे काढतो. देणगी शाप कशी होते ते येथे दिसते. ज्याला थोडक्यात जगता येते त्याच्या वाट्याला थोडकेच येते. हे केवळ माशांपुरते खरे नाही, पण तो विषय वेगळा.

पाणी पिवळसर झालेले आहे. तळाशी खाद्याचे कुजलेले दाणे आहेत. पर अंगाशी मिटलेले, रंग विटलेला, शेपटीच्या कडा झिजलेल्या. दुकानदार दुष्ट नाही. त्याच्याकडे अशा पन्नास बरण्या आहेत, हाताखाली एकच पोरगा आहे, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या माशासाठी त्याहून महागाचे औषध घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. गिऱ्हाईक समोर उभे आहे. त्याच्या खिशात तेवढे पैसे आहेत. मग अडते कोठे?

अडते ते पहिल्याच पायरीवर. दुकानदाराच्या वहीत करुणेसाठी वेगळा रकाना नसतो. तेथे मासा विकला गेला एवढीच नोंद होते, आणि रिकाम्या झालेल्या बरणीत पुढच्या खेपेचा मासा येतो. आजारी मासाही खपतो, किंबहुना आजारी आहे म्हणूनच खपतो, हे एकदा ध्यानात आले की त्याला बरा करण्याचे उरलेसुरले कारणही नाहीसे होते. पूर्व आशियातील बौद्ध समाजांत जीवमुक्तीची एक प्रथा आहे. चीनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत चू-हुंग या भिक्षूने तिचा मोठा पुरस्कार केला. बाजारातून जिवंत मासे, कासवे, पक्षी विकत घ्यायचे आणि त्यांना मोकळे सोडायचे. हेतू निर्मळ आहे. परंतु जेथे ही प्रथा रूढ झाली तेथे सोडण्यासाठी लागणारे पक्षी आणि मासे पकडून आणणारेही निर्माण झाले. मुक्तीची मागणी वाढली तसा बंधनाचा पुरवठा वाढला. आपल्या एकनाथांची कथा याच्याशेजारी ठेवून पाहावी. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. त्या कथेचे सौंदर्य पुष्कळांनी वर्णिले आहे. पण एका साध्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती ही की ते गाढव विकाऊ नव्हते. नाथांच्या दयेतून दुसरे गाढव तहानेले राहण्याची व्यवस्था उभी राहणार नव्हती. बाजारात दयेला ही निर्धास्तता नाही.

हा युक्तिवाद मला बरोबर वाटतो. तरीही तो पुरा करून दुकानाबाहेर पडणाऱ्याच्या मनाला काहीतरी टोचत राहते, आणि ते टोचणे निव्वळ भाबडेपणाचे आहे असे मला वाटत नाही. 'याला घेतले तर दुसरा येईल' या वाक्यात 'याला' हा शब्द काय काम करतो ते पाहावे. तो काहीच काम करत नाही. हा मासा आणि तो मासा यांत भेद उरत नाही. दोघेही खेपेतले नग होतात. म्हणजे ज्या दृष्टीसाठी आपण दुकानदाराला दोष देतो, नेमकी तीच दृष्टी आपण थोड्या उदात्त कारणासाठी पत्करतो. प्रत्येक जीव मोजण्याचे एकक होऊ शकतो, परंतु मोजला जाण्यापूर्वी तो स्वतः कोणीतरी असतो. बरणीतल्या त्या माशाला पुढच्या खेपेशी काही कर्तव्य नाही. त्याच्यापुरते पाहिले तर हेच पाणी आहे आणि हेच दिवस.

येथे कोणी म्हणेल की माशाला कोणीतरी म्हणणे हीच मूळ चूक आहे. त्याला दुःख होते कशावरून? जैन विचारात हा प्रश्न उद्भवतच नाही. त्या वर्गीकरणात मासा पंचेंद्रिय जीवांत, म्हणजे गाय-घोड्यांच्या आणि माणसाच्याही पंक्तीत बसतो. पाश्चात्त्य विज्ञान तेथे उशिरा आणि अडखळत पोहोचले. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिले; वेदना ग्रहण करणारे चेतातंतू माशांना आहेत असे त्यांना आढळले, आणि आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासताना, खाणे टाळताना दिसले. याउलट जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये आणि ब्रायन की यांनी २०१६ मध्ये असे मांडले की वेदनेच्या जाणिवेसाठी मेंदूचे जे बाह्यपटल लागते ते माशांना नाही, सबब हे सर्व जाणिवेविना घडणारे प्रतिसाद होत. वाद मिटलेला नाही. मात्र २०२४ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेल्या घोषणापत्रात अनेक शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वचिंतकांनी सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत, म्हणजे माशांतही, जाणीव असण्याची वास्तव शक्यता मान्य केली. माझ्या मते प्रस्तुत प्रश्नापुरते एवढे पुरेसे आहे. आपला अंदाज चुकला आणि माशाला काहीच जाणवत नव्हते असे निघाले, तर थोडे श्रम आणि थोडे पैसे वाया गेले. उलट बाजूने चुकलो तर काय वाया जाते ते सांगायला नको.

याहून अवघड आक्षेप ताटाचा आहे. कोकणात, गोव्यात, बंगालमध्ये ज्या घरात दुपारी मासळीचे कालवण होते त्याच घरातील माणसाने संध्याकाळी बरणीतल्या माशासाठी हळहळावे, हे ढोंग नव्हे काय? शाकाहारी मनुष्य हा प्रश्न थोड्या आनंदानेच विचारतो. त्याला घाईने उत्तर देऊ नये. मासे खाणे योग्य की अयोग्य हा प्रश्न येथे सोडवण्याची गरज नाही, परंतु दोन माशांतील फरक स्पष्ट करता येतो. समुद्रातला बांगडा जाळ्यात सापडेपर्यंत स्वतःच्या जगात असतो. त्याला भूक लागली तर तो भक्ष्य शोधतो, पाणी गढूळ झाले तर दुसरीकडे जातो, मोठा मासा आला तर पळतो आणि कधी पळता पळता मरतो. त्याच्या आयुष्याचे आपण कोणी नव्हतो. बरणीतल्या माशाला यांपैकी काहीही करता येत नाही. त्याचे अन्न, पाणी, उष्णता, उजेड, सर्व दुसऱ्याच्या हाती आहे, आणि ते आपोआप तसे झालेले नाही. कोणीतरी ते तसे केले आहे. ज्याने जीवाचे सर्व मार्ग बंद केले त्याने ते सर्व मार्ग स्वतः होण्याचे पत्करले, मग त्याला त्याची कल्पना असो वा नसो. मारणाऱ्यापेक्षा पाळणाऱ्याचे ऋण मोठे असते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण कोळ्याच्या अंगणापेक्षा शोभेच्या माशांच्या दुकानात आपल्याला अधिक अस्वस्थ का वाटते, त्याचे कारण मला हेच दिसते.

पात्र आणि ऋण यांचा हा संबंध फार जुन्या काळी आपल्याकडे एका कथेत मांडला गेला आहे. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा प्रलयाची कथा म्हणून सर्वांना ठाऊक असते. ती माशाची कथा म्हणून वाचून पाहावी. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक लहान मासा मनूच्या हाती येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. त्याला भय आहे ते आपल्याच जातीचे, कारण लहान आहे तोवर मासाच माशाला गिळतो. पुढे तो जे सांगतो ते विशेष महत्त्वाचे आहे. आधी मला कुंभात ठेव. कुंभाला मी मोठा झालो की खड्डा खणून त्यात ठेव. त्याहून मोठा झालो की समुद्रात ने. महाभारताच्या वनपर्वातील पाठात रांजण, विहीर, गंगा आणि मग समुद्र असा क्रम येतो, आणि मनू त्या माशाचा मुलासारखा सांभाळ करतो. दोन्ही पाठांत मनूला कुठेही केवळ एकदा दया करून मोकळे होता येत नाही. मासा हाती आला तो क्षण लहान आहे. त्यानंतर खणायचे आहे, वाहून न्यायचे आहे, पुन्हा मोठे पात्र शोधायचे आहे. शतपथातला मासा तर पहिल्या भेटीतच पुढील सर्व पात्रांची यादी देतो. फसवणूक कोणाची होत नाही.

आजच्या मनूची अडचण अशी की त्याला शेवटचे पात्र उपलब्ध नाही. फायटर मासा आपल्या नद्यांचा नाही. त्याला ओढ्यात किंवा तळ्यात सोडणे म्हणजे त्याला तरी मरू देणे, नाहीतर तेथील माशांच्या वाट्याचे काही हिरावून घेणे. घरच्या टाक्यांतून आणि व्यापारातून बाहेर पडलेल्या दक्षिण अमेरिकी सकर माशाने पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातील मत्स्यशेतीला कसा उपद्रव दिला आहे हे तेथील मच्छीमार जाणतात. एकेकाळी ते सकरही कोणाच्या तरी टाकीत बोटभर होते. तेव्हा बरणीतून काढलेल्या माशासाठी समुद्र नाही, सुटका या शब्दाचा जो अर्थ आपण मनात धरतो तो नाही. एका पात्रातून दुसऱ्या, थोड्या बऱ्या पात्रात नेणे आणि तेथे त्याच्या मरणापर्यंत त्याचे असणे, एवढेच शक्य आहे.

हे थोडे बरे पात्रही वाटते तितके सोपे नाही. दयाळू मनुष्य घरी येतो, नवी चकचकीत टाकी नळाच्या पाण्याने भरतो आणि माशाला त्यात सोडतो. मासा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले जाळते, हे पहिले कारण. ते बऱ्याच जणांना ठाऊक असते. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो आणि तो विषारी असतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत विशिष्ट जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बरेच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. त्यांची वसाहत व्हायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. ज्याला आपण स्वच्छ म्हणतो ते पाणी माशासाठी अजून पाणी झालेले नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी आहे. दीर्घकाळ न बदललेले पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते, आणि आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचा मोठा भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. त्या घाणीत मासा तग धरून असतो तो याच कारणाने. अशा पाण्यात कोणी सद्भावनेने एकदम भरपूर ताजे, किंचित अल्कधर्मी पाणी ओतले तर सामू चढतो, साठलेले अमोनियम अमोनियात बदलते आणि वर्षभर उपेक्षा सोसलेला मासा अर्ध्या दिवसात उपकाराने मरतो. जाणते लोक म्हणून पाणी थोडे थोडे, अनेक दिवसांत बदलतात. उपेक्षेची जीवाला सवय होते, तिच्याभोवती त्याचे शरीर स्वतःला जुळवून घेते, आणि तिच्यातून बाहेर काढण्याचा वेग काढणाऱ्याच्या कळवळ्याने ठरवून चालत नाही. तो माशाच्या शरीराने ठरवायचा असतो. माणसांच्या बाबतीत हे आपण शिकलो आहोत असे म्हणवत नाही.

मुळात तो आजारी आहे की नाही, हेही पाहणाऱ्याला ठाऊक असावे लागते. फायटर वारंवार वर येऊन हवा घेतो, त्याला गुदमरणे समजणारे लोक मी पाहिले आहेत. ते त्याचे स्वाभाविक श्वसन असते. तो पानावर किंवा तळाशी निवांत पडून राहतो, तेही आजाराचे लक्षण असेलच असे नाही. उलट गोल्डफिश पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत असेल तर ते बहुधा प्राणवायू कमी पडल्याचे चिन्ह असते. एकाच दृश्याचे दोन माशांत दोन अर्थ. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एका एकपेशीय परजीवीचा संसर्ग असतो. त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो माशाला सोडून पाण्यात उतरतो, तळाशी विभागून शेकडो होतो आणि नव्या माशाच्या शोधात पोहू लागतो, तेव्हाच तो मारता येतो. म्हणून उपचार एका दिवसाचा नसतो. ज्याच्या घरी आधीच एक टाकी आहे त्याने असा मासा तीत सोडला तर तो एका जीवासाठी बाकीचे जीव पणाला लावतो, आणि त्या जीवांनी त्याच्या दयेचा काही अपराध केलेला नाही. नव्या माशाला निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे, त्याच्या टाकीतली जाळी दुसरीकडे वापरू नये, हाताला जखम असल्यास हात पाण्यात घालू नये, कारण माशांचा एक क्षयसदृश जीवाणू माणसाच्या त्वचेलाही धरतो, हे नियम रुक्ष आहेत. दयेची परीक्षा मला यांच्यातच दिसते, दुकानातल्या हळहळीत दिसत नाही. आणि मासा फुगून त्याचे खवले उभे राहिले असतील तर तो बहुधा बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो. लवंगेच्या तेलातील द्रव्याने माशाला आधी गुंगी आणून मग शांतपणे मरण देता येते. वाचवायला निघालेल्याने एवढ्यासाठीही तयार असले पाहिजे. ज्याला हे करवणार नाही त्याने आपल्या अहिंसेपायी दुसऱ्याच्या यातना लांबवू नयेत असे मी म्हणेन, आणि या ठिकाणी पुष्कळ सज्जन माझ्याशी सहमत होणार नाहीत हेही जाणतो.

इतके सगळे पाहिल्यावर दुकानात पैसे काढणाऱ्या हाताकडे पुन्हा पाहावेसे वाटते. तो हात नेमके काय विकत घेतो? कांटने आपल्या व्याख्यानांत असे सांगितले की प्राण्यांविषयी आपली साक्षात कर्तव्ये नाहीत, परंतु त्यांच्याशी क्रूर वागणारा माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून प्राण्यांना दयेने वागवावे. या मतात मासा हा माझे हृदय मऊ ठेवण्याचे साधन ठरतो. आपण कांटचे अनुयायी नसलो तरी खरेदी करताना बहुधा कांटप्रमाणेच वागतो : माशाचे पाहणे असह्य होते, आणि पैसे देऊन आपण ते असह्य होणे संपवतो. दुसराही एक मार्ग तेथे उपलब्ध असतो आणि तो सहसा कोणी घेत नाही. तो म्हणजे दुकानदाराशी बोलणे. हे पाणी कधी बदलले, हा जेवतो का, याला वेगळी मोठी बरणी का देत नाही, असे विचारणे. पैसे देण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. पैसे देणाऱ्याला गिऱ्हाइकाचा मान असतो. विचारणाऱ्याला आगाऊ म्हणतात.

माझ्या परिचयाच्या एका कार्यालयात स्वागतकक्षातील काचेच्या गोल भांड्यात एक गोल्डफिश होता. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याला तो कधीतरी भेट मिळालेला. ते गेले, भांडे राहिले. पाणी बदलणारा शिपाई निवृत्त झाला आणि त्याच्यानंतर ते काम कोणाच्याच नावावर चढले नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या माशाकडे पाहून चुकचुकत असे, आणि चुकचुकणारा प्रत्येक जण शेजारच्या डबीतले दाणे चिमटीने पाण्यात टाकत असे. न खाल्लेले दाणे कुजत. त्या पाण्याची जी अवस्था झाली होती तिला निष्काळजीपणा जितका कारणीभूत होता तितकीच ही वाटून घेतलेली दयाही. मी एकदा विचारले, हा मासा कोणाचा? उत्तर कोणालाच देता आले नाही. पण तो प्रश्न चार दिवस कार्यालयात फिरला. शेवटी आवक-जावक पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "कुणाचाच नाही ना, मग मी नेते." त्यांनी आधी घरी मोठी टाकी मांडली, महिनाभर तिच्यात नुसते पाणी आणि वनस्पती ठेवल्या, तोवर भांड्यावर 'दाणे टाकू नयेत' अशी चिठ्ठी चिकटवली आणि रोज पेलाभर पाणी बदलले. मग त्याच जुन्या पाण्यासकट मासा नेला. घरी तो आठ महिने जगला. गोल्डफिश चांगल्या स्थितीत वीस वर्षेही जगतो, तेव्हा आठ महिने काही फार नव्हेत. बाई मात्र त्यांविषयी तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत. एवढ्या सगळ्यात मासा विकत कोणी घेतला नाही.

१९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी अशी आहे, आणि हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात वा पात्रात प्राणी ठेवणे हा त्याच्या अकराव्या कलमाखाली अपराध आहे. त्या व्याख्येतून मासा वगळलेला नाही. म्हणजे दुकानदाराला विचारणारा मनुष्य समजतो तितका आगाऊ नसतो. तो कायद्याच्या बाजूने बोलत असतो. कधी असेही घडते की दोन वेळा विचारल्यावर दुकानदार म्हणतो, "साहेब, तो काही जगायचा नाही, न्यायचा तर असाच घेऊन जा." तेव्हा वहीतल्या नोंदीची अडचण संपते. उरते ती पात्राची अडचण, आणि तिचे उत्तर घरी टाकी मांडून झाली आहे की नाही यावर अवलंबून असते. ती मांडलेली नसेल तर फुकट मिळालेला मासाही नाकारावा, असे मला वाटते. मात्र नाकारून मग दुकानाकडे पाठ फिरवू नये. निदान त्या दिवशी पेलाभर पाणी बदलून घ्यावे, तळाचे कुजके दाणे काढायला लावावे.

जीवमुक्तीच्या प्रथेला ज्या कथेचा आधार दिला जातो ती सुवर्णप्रभास या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे. तिच्यात बाजार नाही. जलवाहन हा वैद्याचा मुलगा आणि स्वतःही वैद्य. अरण्यात हिंडताना एका आटत चाललेल्या तळ्यात दहा हजार मासे उन्हाने होरपळताना त्याला दिसतात. तो आधी झाडांच्या फांद्या तोडून त्यांच्यावर सावली धरतो. मग हे पाणी कोठून येत होते ते शोधत वर वर जातो, आणि त्याला आढळते की हे मासे मरावेत म्हणून कोणा दुष्टाने नदीचा प्रवाहच एका कड्याशी दुसरीकडे वळवला आहे. तो वळवलेला प्रवाह हजार माणसांनाही परत आणता येणार नाही, मग मला एकट्याला कसा येईल, असा हिशेब तो करतो, आणि राजाकडे जाऊन वीस हत्ती मागतो. पखालींतून पाणी येते, तळे भरते. तो काठावरून चालू लागतो तसे मासेही त्याच्यासोबत काठाकाठाने पोहू लागतात. त्यावरून ते भुकेले आहेत हे त्या वैद्याला कळते. तेव्हा तो आपल्या मुलाला हत्तीवर बसवून घरी पाठवतो, आणि घरात जे काही अन्न असेल ते, आजोबांच्या वाटचेसुद्धा, घेऊन यायला सांगतो.